पावडर घ्या, भात हाणा

डायबेटिस झालेले चार म्हातारे एका कट्ट्यावर बसले की किस्से आपोआप साचतात. आमच्या भांडुपच्या कट्ट्यावर मिल बंद पडल्यापासून दुसरं काही साचलंच नाही. मी कॉलेज सोडलेला, म्हणून तिथे रोज माझी खरडपट्टी. त्या चौघांतलेच एक माझे बाबा; त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता, त्याबद्दल मात्र कोणी बोलायचं नाही.

*

कट्ट्याचे लीडर सावंतकाका. त्यांनी कुठून तरी गवार गमची, म्हणजे गवारीच्या बियांची पावडर पैदा केली. जेवणाआधी पाण्यातून घेतली की भातातली साखर रक्तात हळूहळू उतरते म्हणे. डॉक्टर म्हणाले, घ्या, पण भातही कमी करा. यांनी अर्धंच ऐकलं. एक चमचा पावडर घेतली की भाताची एक मूद जास्त, असा कट्ट्याने कायदाच केला!

मी बोललो, तर सावंतकाका म्हणाले, "बारावीत गटांगळी खाल्लेल्याने सायन्स शिकवू नये. पावडर म्हणजे आतला वॉचमन. अडवायचं काम त्याचं, खायचं आपलं."

*

आईने तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पेज काढायला सुरुवात केली. तेवढाच स्टार्च कमी. बाबा तो निथळलेला भात जेवले आणि वर ती पेज मीठ घालून प्यायले. अन्न मोरीत कसं ओतायचं? कोकणातला माणूस जीव टाकेल, पेज टाकणार नाही.

*

एकादशीला भात बंद. म्हटलं, चला, देव तरी कामाला आला. तर पानात साबुदाण्याची खिचडी, वर उकडलेली रताळी. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, मी ओरडलो. शेजारच्या नाईककाकांनी शांतपणे समजावलं, "उपासाचं अंगाला लागत नाही रे."

*

रक्त तपासायचं ठरलं की आधीचे दोन दिवस सगळे कारल्याच्या रसावर. रिपोर्ट झकास! मग तो नाचवत स्टेशनसमोर जिलबी. मला नापास म्हणून हिणवणारे हे लोक स्वतःच्या रक्तात कॉपी करून पास व्हायचे. बाबाही तसेच पास झाले. त्या रिपोर्टच्या भरवशावर आम्ही घरी अंगठ्याची नुसती पट्टी बदलत राहिलो.

*

शेवटी वाट लागली. अंगठा अंगठा म्हणता पाय गुडघ्याखालून गेला. कट्टा हॉस्पिटलात आला, खाटेभोवती उभा राहिला. एकालाही माझ्याकडे बघवेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात राउंडवरचे डॉक्टर आले. बाबांना म्हणाले, आता स्वतःची अक्कल चालवायची नाही. तुमच्या वजनाप्रमाणे जेवण ठरवून देतो, तेवढंच खायचं.

बाबांनी चादर जिथे सपाट झाली होती तिथे हाताने सारखी केली. मग तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखं, अगदी अदबीने विचारलं,

"डॉक्टर, भात मग आख्ख्या माणसाचा धरायचा, का पाय वजा करून?"