मांजराला ताकदीचं काहीतरी

टेबलावर ठेवलेलं मांजर चालत काठापर्यंत आलं आणि थांबलं नाही. मी हात पुढं केला म्हणून खाली पडलं नाही. मांजर सहसा काठावरून पडत नाही. ते काठ बघतं, अंदाज घेतं आणि मग उडी मारतं. या मांजराला काठ दिसलाच नव्हता.

मी टॉर्च घेऊन डोळे बघितले. उजेड पडला की मांजराची बाहुली आकसून उभी रेघ होते. याची मोठीच राहिली, जेमतेम हलली. कारण शोधायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. कारण मीच होतो.

मी जनावरांचा डॉक्टर. धाराशिवात माझा छोटा दवाखाना आहे. निम्मं काम म्हशी आणि शेळ्यांचं, पण अलीकडं कुत्र्या-मांजरांची पिल्लं पाळणारे वाढलेत. या केसमध्ये माझं निदान चुकलं नव्हतं, औषधही चुकलं नव्हतं. जे माहीत होतं ते मी बोललो नाही.

मांजर महानंदाआक्कांचं. त्यांच्या यजमानांचं, म्हणजे अप्पांचं, बाजारात भुसाराचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. उंदीर ज्वारीची पोती फोडायला लागले म्हणून अप्पांनी एका शेतावरून मांजराचं पिल्लू आणलं. आक्कांचं माहेर कर्नाटकातलं. त्या पिल्लाला बेक्कू म्हणायला लागल्या. बेक्कू म्हणजे कानडीत मांजर. म्हणजे मांजराचं नाव मांजर. दुकानात पोत्याखाली चिरडेल म्हणून आक्कांनी त्याला वर घरातच ठेवलं होतं. त्यामुळं उंदीर खाली आणि मांजर वर, अशी व्यवस्था झाली.

पहिल्यांदा आक्का त्याला बास्केटमध्ये घालून आल्या. पिल्लू दीडेक महिन्याचं असेल. पोट फुगलेलं, पाठ हाडकुळी, शी पातळ.

“खायला काय देता?” मी विचारलं.

“दूध-भाकर. म्हशीचं हाय दूध, सायीसकट. पाण्याचा थेंब न्हाय त्यात.”

इथं थोडं सांगायला हवं. मांजराचं पिल्लू साधारण महिनाभर आईच्या दुधावर असतं. आई नसेल तर पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते. त्यानंतर त्याला मऊ खाणं सुरू करायचं आणि हळूहळू दूध तोडायचं. म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, पोट बिघडतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे मांजर हा मांस खाणारा प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचा एक घटक लागतो. तो मांसात आणि माशांत असतो. भाकरीत, भातात, डाळीत नसतो, दुधात असून नसल्यासारखा. कुत्र्याचं शरीर तो बहुतेक वेळा स्वतः तयार करतं. म्हणून कुत्र्याच्या पिल्लाचं अंडी, दही, डाळ असं जमवून कसंतरी भागवता येतं. मांजराचं भागत नाही. टॉरिन मिळालं नाही तर काही महिन्यांत त्याचे डोळे जायला लागतात, पुढं हृदयही.

हे सगळं मला पाठ होतं. पण आक्कांच्या कपाळावर भस्माची तीन बोटं होती आणि गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. लिंगायताचं घर. ज्या घरात अंडं येत नाही त्या घरच्या बाईला मांस आणा म्हणून कसं सांगायचं? मला भीड पडली. त्याआधी एका घरी कुत्र्याच्या पिल्लाला अंडं सांगितलं होतं, तर ते लोक परत आले नाहीत. तेही डोक्यात होतं.

मी जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं, आणि म्हणालो, “दूध पातळ करा. आणि त्याला जरा ताकदीचं काहीतरी द्या.”

“देते की,” आक्का म्हणाल्या.

मी सुटलो. शेतावरून आणलेलं पिल्लू आहे, ताकदीचं म्हणजे काय ते त्यांच्या लक्षात येईल, अशी मी माझी समजूत घातली.

दुसऱ्यांदा अप्पा आले. जंत गेले होते, पोट उतरलं होतं, पण पिल्लू वाढलं नव्हतं. केस राठ, अंगावर मांस नाही.

“ताकदीचं काही देता का?”

“रोज देतो की. हिनं डिंकाचे लाडू केलेत त्याच्यासाठी. दुधात कुस्करून घालते. घरात बाळंतीण आल्यासारखं चाललंय.”

“खातं का?”

“दूध चाटतं, लाडू ठेवतं. मग तो मी खातो. माझं वजन वाढलंय.” अप्पा हसले नाहीत. मग म्हणाले, “डॉक्टर, आम्हाला मांजराचं काही कळत नाही. त्याला नेमकं काय द्यायचं ते सांगा. तुम्ही म्हणाल ते आणतो.”

यापेक्षा सरळ प्रश्न पेशंटच्या घरच्यांनी विचारायचा म्हणजे किती सरळ विचारायचा. मी अप्पांच्या कपाळाकडं बघितलं आणि म्हणालो, “पनीर देऊन बघा.”

टॉनिकही बदललं. बाटली मोठी दिली.

तिसऱ्यांदा आक्का आल्या त्या पाच-सहा महिन्यांनी, उन्हाळ्यात. म्हणाल्या, बेक्कू पाटाला धडकतं, वाटी समोर असली तरी वास घेत हिंडतं. तेव्हा तो टेबलाचा काठ आला.

टॉर्च ठेवून मी हात धुतले. जास्तच वेळ धुतले. मग म्हणालो, “आक्का, राग मानू नका. एक सांगायचं राहिलं होतं. तुमच्या घरातले आचार-विचार मला माहीत आहेत. तुमच्या भावना दुखवायच्या म्हणून नाही...”

“डाक्टर, लगीन जमवायला आल्यागत बोलू नका. काय ते सांगा.”

“मांजराला मांस लागतं. ते नाही मिळालं म्हणून त्याची नजर गेली आहे. सगळी नाही, पण बरीच.”

आक्कांनी बेक्कूच्या पाठीवरून हात फिरवला.

“तुमाला हे आज कळलं?”

“नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“मग कशापायी न्हाय बोललात?”

“तुम्हाला चालणार नाही असं वाटलं.”

आक्कांनी गळ्यातली डबी हातात धरली. “हे लिंग माझ्या गळ्यात हाय डाक्टर. मांजराच्या न्हाय. उंदरं मारायला आणलेलं मांजर ते. त्यानं उंदीर धरून काय निवद दाखवायचा व्हता?”

मी म्हणालो, “सुधारेल, बघू.” हे वाक्य आम्ही डॉक्टर लोक फार वापरतो.

आक्कांनी मात्र तिथंच उभ्या उभ्या व्यवस्था लावली. घरात शिजणार नाही. दुकानातले हमाल शब्बीरभाई त्यांच्या घरून बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी आणतील, बेक्कू खाली गोदामात खाईल. मी पिल्लांच्या तयार खाद्याचं पाकीट आणि टॉरिनचं औषध दिलं. पाकीट दुकानात पोचल्यावर अप्पांनी ते गुळाच्या ढेपांपासून लांब ठेवायला सांगितलं, तेवढीच त्यांची अट.

पावसाळा लागेपर्यंत बेक्कू अंगानं भरलं. केस चमकायला लागले. हृदय ठीक होतं. नजर उरली होती तेवढी राहिली. गेलेली आली नाही आणि येणारही नाही. पोत्यांमधून ते मिशांच्या आणि कानांच्या अंदाजानं चालतं. उंदराची खसखस ऐकून झडप घालतं, बऱ्याचदा चुकतं.

आता नवीन पिल्लू आणलं की माणसाच्या कपाळाकडं न बघता मी आधी सांगतो, मांजराला मांस लागतं. पुढं काय करायचं ते घरातली माणसं ठरवतात. अजून कुणी उठून गेलं नाही. एक-दोघांनी मांजरच परत नेऊन दिलं, तेही मांजराच्या दृष्टीनं बरंच झालं.

पण “बघू” वर मी सुटलो होतो, ते मला झोंबत होतं. एका सकाळी तूरडाळ घ्यायच्या निमित्तानं दुकानात गेलो. अप्पा गादीवर, आक्का मागं चहा घेऊन उभ्या. बेक्कू पोत्यावर बसलं होतं. माझ्या पावलांच्या आवाजाकडं त्यानं तोंड वळवलं, पण बघितलं माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं.

“किती देऊ डाळ?” अप्पा म्हणाले.

“डाळ नको,” मी म्हणालो. “अप्पा, तुम्ही मला सरळ विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. तरी मी पनीर म्हणालो. तुमची भीड धरली आणि त्याचे डोळे घालवले. आक्का, माझं चुकलं. मला माफ करा.”