सूतगिरणीतला जावई

सूतगिरणीत किस्से रुईसारखे साचतात. संध्याकाळी झाडून जावं, सकाळी मशीनवर पुन्हा थर. आमच्याकडचे निम्मे किस्से माझ्या दादाचे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गिरणीचा इलेक्ट्रिशियन. सातवीत शाळा सोडली तेव्हापासून मी त्याच्या मागं मागं. दिवाळीनंतर तो तापानं गेला. त्याचं काही सांगायला घेतलं की तो मला उडत्या रुईच्या धुक्यातून, ट्यूबलाइटखालून चालत येताना दिसतो.

*

ताण्याच्या, म्हणजे कापडाचे उभे धागे ड्रमवर गुंडाळायच्या मशीनवर एन्कोडर असतो. मुठीएवढा डबा. ड्रम फिरला की तो मीटर मोजणाऱ्या काउंटरला बारीक बारीक इशारे पाठवतो. आमचे फोरमन देवरावभाऊ नवा एन्कोडर हातोडीनं ठोकून बसवत होते. दादानं हातोडी हळूच काढून घेतली.

"भाऊ, जावयाले असं घरात घेतात काय?"

तेव्हापासून एन्कोडर म्हणजे जावई. लोक स्टोअरमध्ये जाऊन विचारायचे, "जावई शिल्लक आहे काय?"

*

किती मीटरला मशीन थांबायचं, तो आकडा काउंटरमध्ये आधी भरतात. साहेब त्याला प्रीसेट म्हणतात, दादा म्हणायचा गाव. एकदा मी घाईत गाव न भरताच मशीन सोडलं. सूत गुंडाळत गेलं, गुंडाळत गेलं. दादा शेजारी येऊन उभा राहिला.

"कुठं चालली रे यष्टी? उमरखेड तं मागंच राह्यलं."

*

एन्कोडरमधून दोन वायरी निघतात. एकीचा इशारा आधी येतो, दुसरीचा किंचित मागून. दादाच्या भाषेत थोरला आणि लहाना. मी त्या उलट्या जोडल्या. मशीन पुढं चाललं, आकडे मागं. मी काउंटरवर बुक्की हाणली.

"त्याले कायले मारून राह्यला? लहाना समोर गेला, म्हणून त्यानं उलटं मोजलं."

आता दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो आणि आकडे मागं जाताना दिसतात. स्वप्नात मी वायरी बदलत नाही.

*

नव्या मॅनेजरसाहेबांनी मशीनच्या पॅनलवर भागांच्या छापील नावांचा कागद चिकटवला. "यापुढे हीच नावं. बाहेरून माणूस आला तर त्याला कळायला नको?"

मी कागद फाडला. देवरावभाऊंनी दुसरा लावला आणि मला चहाला बाहेर नेलं.

"अबे, साहेब बरोबर बोलून राह्यले."

"मंग दादाचं काय राह्यलं इथं?"

भाऊंनी चहाचे पैसे दिले. हळूहळू स्टोअरवालेही एन्कोडर म्हणू लागले.

*

मग राजूरकडचा सुभाष ऑपरेटर म्हणून लागला. दादाला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. येऊन आठवडाही झाला नसेल, त्यानं मशीनमागून मला हाक मारली, "भाऊ, चांदणी दिसून नाही राह्यली."

एन्कोडरची एक फेरी पुरी झाली की पॅनलमधला एक बारका हिरवा दिवा एकदाच लुकलुकतो. त्याला चांदणी हे नाव दादानं दिलं होतं. कागदावर दुसरंच छापलेलं.

मी धावत जाऊन त्याची कॉलर धरली.

"हे कोणी शिकवलं तुले?"

तो घाबरला. "कोणी म्हणजे? त्याले चांदणीच म्हणतात ना, भाऊ?"