धूर वर जाईना

शिरोड्याच्या शाळेत वेरोनिकाबाईंनी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. वातावरणाचा सगळ्यांत खालचा थर, तपांबर, हा त्यांचा आवडता धडा. ढग, पाऊस, वादळ, सगळा गोंधळ याच थरात चालतो आणि वर जावं तशी हवा गार होत जाते, हे त्या फळ्यावर बाण काढून सांगायच्या.

त्यांचा नवरा स्टॅनली गेला आणि दीर फॉस्टिनने कुंपणापलीकडे काजू भाजायची भट्टी घातली. सरपण म्हणून तो काजूची टरफलंच जाळी. त्यांचा धूर तेलकट, डोळ्यांना झोंबणारा. थंडी पडली तसा तो रोज सकाळी बाईंच्या घरात येऊन बसू लागला. उशांना वास, भाताला वास, आणि खोकला तर थांबेचना.

बाईंना कारण कळत होतं. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि ऊबदार हवा वर झाकणासारखी बसते. धड्यातला नियमच उलटा होतो. धूर झाकणाखाली कोंडतो आणि ऊन तापल्यावरच सुटतो.

त्या कुंपणाशी गेल्या. "फॉस्टिन, ऊन चढल्यार पेटय रे भट्टी. सकाळी धूर वर जाणा नाय."

"शाळा सुटली, वयनी. आता माका शिकव नको," तो म्हणाला. "तुझ्या डोळ्यांत धूर नाय, माझी भट्टी खुपता. इतको त्रास होता तर घर माका दी आणि गोंयाक भावाकडे जा."

बाईंनी ग्रामपंचायतीत तक्रार केली. पाहायला माणूस आला तो भर दुपारी. धूर सरळ आभाळात चाललेला. "बाई, तुम्हाला त्रास नक्की कशाचा होतो?" त्याने विचारलं. फॉस्टिन खदाखदा हसला.

बाईंचा तोल गेला. "नायतर धुरांडा तरी उंच कर! माडाच्या वर ने!"

त्याने खरंच नेलं. आठवड्याभरात नवं धुरांडं उभं राहिलं आणि बाईंचं घर मोकळं झालं. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं.

एका सकाळी किनाऱ्याकडच्या वस्तीतून बायका चालून आल्या. पुढे तुळसा, मासे सुकवून विकणारी. तिने टोपली फॉस्टिनच्या खळ्यात उपडी केली. सुक्या बांगड्यांवर काजळीचे चिकट ठिपके बसले होते. "ह्या आता कोण खातलो? तू?"

फॉस्टिनने शांतपणे बाईंकडे बोट केलं. "माका हिणांच सांगल्यान, धुरांडा उंच कर म्हणान. शिकलेली बाई ती."

काय झालं ते बाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. धुरांडं उंच झालं तरी झाकणाच्या खालीच होतं. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा पहाटवारा धूर वरच्या वर वस्तीपर्यंत नेत होता, आणि ऊन पडून, झाकण सुटण्याआधीच, खालची हवा घुसळायला लागली की तो सगळा एकदम खाली उतरत होता.

"बाये, तुझ्या घरातलो धूर आमच्या तोंडात घातलंस?" तुळसा ओरडली.

"गो तुळशे, माका ठावक नव्हता तुमच्याकडे येतलो म्हणान. धुरांड्याचा काय नाय, येळ बदलूक होयी. ऊन तापल्यार..."

"गप रव! तुझा ऐकान ह्या झाला." तुळसा फॉस्टिनकडे वळली. "आणि तू. उद्या ऊन तापायच्या आधी भट्टी पेटली, तर पाण्याच्या घागरी घेवन येतलंव!"

दुसऱ्या दिवसापासून भट्टी उशिरा पेटू लागली. फॉस्टिन भेटेल त्याला सांगे, वस्तीचा शब्द मोडवेना म्हणून ऐकलं, वयनीच्या सांगण्यावरून नव्हे. धूर आता उंच जाऊन विरून जाई. बाईंचा खोकलाही ओसरला.

पण वस्तीतली एकही बाई त्यांना मासे विकेना. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर दुसरं कोणी बसेनासं झालं. पुढच्या महिन्यात फॉस्टिनने दोन घरांमधल्या वाटेवर चिऱ्यांची भिंत घातली. दोन्ही घरांची सामाईक विहीर त्याच्या बाजूला राहिली. बाईंनी नळजोडणीसाठी अर्ज केला आणि त्या बाजूची खिडकी कायमची लावून घेतली.