लाल पट्टीच्या टेपा

टीव्ही केंद्रात त्याला सगळे खोडरबर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तोही 'ओ' द्यायचा. न देऊन सांगतो कुणाला? कामच तसं होतं. टेपा बाहेरून यायच्या, महाग पडायच्या, आणि नव्या मागवायच्या म्हटलं की वरचे साहेब अंगावर पाल पडल्यासारखे दचकायचे. मग काय, कार्यक्रम एकदा दाखवून झाला की टेप तळघरात, खोडरबरकडे. तो मनगटावरचं घड्याळ काढून दाराबाहेर ठेवायचा, कारण त्या चुंबकाच्या यंत्रापाशी घड्याळंही बंद पडायची. टेप यंत्रावर ठेवायची, खटका दाबायचा, घुंऽऽ झालं की नाटक असो नाहीतर मुलाखत, सगळं सफाचट. जिथे जतन करायचं तिथेच पुसायचं! कुंपणानेच शेत खायचं, आणि वर त्याचा पगार घ्यायचा.

बाकी माणूस साधा, थोरल्या बहिणीने वाढवलेला. ताई याच केंद्रावर मुलांचा कार्यक्रम करायची. ताई डावखुरी. डाव्या हातात कापडी कावळा चढवायची आणि घशातून असा काही खरबरीत, भांडकुदळ आवाज काढायची की हसून हसून कॅमेरामनचा कॅमेरा हलायचा. कावळा जगाला अक्कल शिकवायचा आणि दर वेळी स्वतःच तोंडघशी पडायचा. ते सगळे भाग खोडरबरने आपल्या हातांनी पुसले. ताईच म्हणायची, "पूस रे खुशाल, पुढच्या आठवड्यात नवा करते." पण एक दिवस कार्यक्रमच बंद झाला, शेवटच्या भागाची टेप खाली आली, आणि त्याचा हात काही खटक्यावर जाईना.

तळघरात एक रीत होती. टेपेची कड दुमडली, चुरगळली, की डब्याच्या पाठीवर लाल पट्टी चिकटवायची. म्हणजे ही खराब, हिच्यावर नवं काही घेऊ नका. फेकायची तर साहेबांची परवानगी हवी, आणि साहेबांना वेळ कुठला? मागच्या मांडणीवर धूळ खात पडायच्या. खोडरबरने ताईच्या धडधाकट टेपेला लाल पट्टी लावली आणि हळूच तिकडे सरकवून दिली. खराब मालाला कोण हात लावतंय!

पण अशा गोष्टी लपतात होय? एकेक जण पायऱ्या उतरून खाली येऊ लागला. संगीत विभागाचे मास्तर आले, "एवढी एक वाचव बाबा, म्हातारा आता परत गाणार नाही." पुराचं चित्रण करताना वाहून जाता जाता वाचलेला कॅमेरामन आला. नाटक विभागाच्या बाई तर डोळे पुसतच आल्या. नाही कुणाला म्हणणार? त्याने पट्ट्या लावल्या. केंद्रात जे जे कुणाच्या जिवाचं होतं, ते ते लाल पट्टी लावून मागच्या मांडणीवर जाऊन बसलं. त्या मांडणीचा त्याला फार अभिमान होता, फक्त कुणापुढे मिरवता येत नव्हता.

पुढे तो निवृत्त झाला. ताईला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. मोबाइल घरोघरी यायच्या आधीची गोष्ट, त्यामुळे तिचा आवाज कुणी धरून ठेवला नव्हता. भाची अधूनमधून म्हणायची, "मामा, ती टेप आण ना." हा म्हणायचा, "आहे गं, जाते कुठे? घरी लावणार कशावर?" असं म्हणता म्हणता भाचीची मुलगी शाळेत जाऊ लागली. आजीला बोलताना तिने कधी ऐकलंच नव्हतं. मग बातमी आली की केंद्रातल्या जुन्या टेपा आता संगणकावर चढवताहेत. खोडरबर इस्त्रीचा सदरा घालून निघाला. "कावळ्याला घेऊनच येतो," असं ताईला सांगून गेला.

तळघरात आता पांढरेशुभ्र दिवे होते. काम बघणारी बाई तरुण होती, बोलायला गोड. तिने खुर्ची दिली, पण हा तडक मागच्या भिंतीशी गेला. मांडणी रिकामी होती.

"इथल्या लाल पट्टीच्या टेपा?"

"त्या होय? त्या सगळ्यात आधी काढल्या, काका."

"काढल्या म्हणजे? कुठं ठेवल्या?"

"भंगारात गेल्या. खराब टेप लावली की यंत्राचं टेप वाचणारं हेड जातं, आणि चालू यंत्रं दोनच उरलीत. नशीब, जुन्या लोकांनी खुणा करून ठेवल्या होत्या. आमचे कष्ट वाचले."

"एकही लावून बघितली नाही?"

"लाल पट्टी होती ना, काका. मग कशाला लावायची?"

त्याने भिंतीला हात टेकला. "मग राहिलं काय?"

"पुष्कळ राहिलंय की. उद्घाटनं सगळी शाबूत आहेत."

उद्घाटनं! फीत कापणारे साहेब, टाळ्या, परत साहेब. ती पुसायची नाहीत असा वरून हुकूमच होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे तर ओलं तेवढं वेचून जाळलं, आणि वेचून दिलं कुणी, तर यानेच. दुसऱ्या कुणी घालवलं असतं तर निदान शिव्या तरी हासडता आल्या असत्या. बाईने विचारलं, "तुमचं काही होतं का त्यात?" तो म्हणाला, "कावळा होता," आणि पायऱ्या चढू लागला. तिला बिचारीला काय कळणार?

घरी ताई केस विंचरून खिडकीपाशी बसली होती. नात तिच्या गुडघ्याला टेकून. ताईने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. उद्या देतो म्हणालेत, एवढं वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ताईपुढे खोटं बोलणं त्याला लहानपणापासून कधी जमलं नव्हतं.

"गेली गं ताई. मी लावलेल्या पट्टीनेच गेली. सगळ्यांच्याच गेल्या." आणि एवढा साठी उलटलेला माणूस ढसाढसा रडला.

ताई रडली नाही. तिने डावा हात वर केला, बोटं जुळवली. चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मान वाकडी करून कावळा नातीकडे बघू लागला. नात खुदकन हसली.

"आजी, हा काय म्हणतोय?"

ताईने हनुवटीने भावाकडे खूण केली. तू बोल.

त्याने डोळे पुसले, घसा खाकरला. आवाज खरबरीत होता, भांडकुदळ होता, शेवटी जरा वर चढायचा. हे वर्णन त्याला पाठ होतं, कुणालाही सांगता आलं असतं. पण तो आवाज काही कानात वाजेना. चोच उघडत होती, मिटत होती. ताई वाट बघत होती.

"आजोबा, बोला ना," नात म्हणाली.

तो तोंड उघडून बसला होता. त्याला काही म्हणजे काही आठवेना.