डोंगराच्या पोटातला गारवा

सन एकोणीसशे शहात्तर, माझं वय तीस. चैत्रातल्या दुपारी झाडाचं पान हलत नव्हतं, आणि भुयाराच्या तोंडाशी दगडांच्या फटीतलं कोळ्याचं जाळं मात्र बाहेरच्या अंगाला फुगलेलं. आतून गार वारा येत होता. मी बघतच राहिलो. शिकलेले सांगतात, कधीकाळी इथून वितळलेला दगड वाहत गेला, त्याची ही पोकळ नळी. जिथून आग गेली तिथं एवढा गारवा! तो आमच्या वाडवडलांनी ओळखला आणि लागणीसाठी राखलेलं आल्याचं बेणं उन्हाळाभर इथंच जपलं. केवढी पारख म्हणायची ही!

साळिंदरं बेणं खातात म्हणून थोरल्या भावानं, अण्णानं, तोंडाशी ते दगड रचले होते. उद्या फटी चिखलानं लिंपणार होता.

"अण्णा, फटी राहू द्या. डोंगराचं नाक दाबलं तर बेणं सडंल."

"डोंगराला नाक व्हय रं? मग सर्दीबी होत असंल!"

बेणं ठेवायला आलेले वाडीतले सगळे हसले. पण अख्ख्या वाडीचं बेणं आत होतं, मी कसला हटतोय! दुसऱ्या दिवशी सकाळी, अण्णा चिखलाची पाटी घेऊन यायच्या आत, मी त्या दगडांना पाठ लावून बसलो.