उंटाच्या घरातलं प्यादं

राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेचा इतिहास मी एका पत्रकासाठी लिहायला घेतला होता. आमच्या घरात कशावरही पत्रक निघे. बाबा नळाच्या पाण्यावर काढायचे, एसटीच्या फेऱ्यांवर काढायचे. माझा मुद्दा असा होता की देशपातळीवर स्पर्धा सुरू झाली तेव्हा आपले देशी नियम मोडीत निघाले आणि त्यांवर वाढलेली माणसं इतिहासाबाहेर राहिली. शेवटच्या ओळीत ताई येणार होती. वाशीमची निवड स्पर्धा जिंकली की ती राज्याला जाणार, तिथून राष्ट्रीय.

ताईला खेळ शिकवला तो शिरपूरच्या एका शिंपी चाचांनी, त्यांच्या दुकानात, शिलाई मशीनच्या शेजारी पट मांडून. खेळ देशी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते घर ज्या मोहऱ्याचं, तेच मोहरं मिळायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. स्पर्धेत हवं ते मोहरं घेता येतं आणि बहुतेक सगळे वजीरच घेतात. ताईला हे माहीत होतं. शाळेपासून ती त्याच नियमांनी स्पर्धा खेळत आली होती.

शेवटच्या डावात पटावर दोन राजे आणि तिचं एक प्यादं उरलं. तिला जिंकायलाच हवं होतं. बरोबरी झाली तर समोरचा मुलगा जाणार होता. प्यादं उंटाच्या घरात पोचलं. तिनं ते उचललं, तिथं उंट ठेवला आणि घड्याळ दाबलं.

एकट्या उंटानं मात होत नाही. पंचांनी पटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरोबरी," ते म्हणाले. तिनं सही केली.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "आपण तक्रार करू."

"कोणाची?"

पंच नियमानं वागले होते. त्या मुलानं उठून नीट हात मिळवला होता. बाबांच्या पत्रकांत दोषी कोण ते पहिल्याच परिच्छेदात असायचं. मी खिडकीबाहेर पाहत बसले. राग येईल असं वाटत होतं, तो आला नाही.

शिरपूरला उतरून आम्ही थेट दुकानात गेलो. चाचा सदऱ्याला काज करत होते. "काय झालं बेटा?"

"बरोबरी. प्यादं उंटाच्या घरात गेलं."

"मंग?"

"उंट ठेवला."

"बराबर हाय न," चाचा म्हणाले. मग त्यांची सुई थांबली. ते उठले आणि पट कपाटावर ठेवायला निघाले.

ताईनं तो धरला. "कायले ठेवता? मांडा."

"मंग आजपासून माह्याशी खेळतानी बी वजीरच मांगत जाय."

"तुमच्या इथं घराचंच मोहरं," ती म्हणाली. बसमध्ये होता तसाच शांत तिचा चेहरा होता.

दोघांनी मोहरी लावली. माझ्या पिशवीतल्या पत्रकाची शेवटची ओळ कोरीच होती. चाचांनी राजासमोरचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. त्यांच्या खेळात पहिल्या चालीलाही प्याद्याला दोन घरं मिळत नाहीत.