वसंतरावांनी बांधलेलं माझं दुकान

सन दोन हजार पंचवीस. मला शहात्तरावं लागलेलं, आणि माझे व्याही वसंतराव चौऱ्याहत्तरीत गेले. सकाळी साडेसातला वैशालीचा फोन आला. वैशाली म्हणजे माझी मुलगी, त्यांची सून. मी बेंगळुरात, चामराजपेटेत, घराच्या पायरीवर बसून पटाशीला धार लावत होतो. दुकान गेलं तरी ती सवय काही गेलेली नाही. वैशाली म्हणाली, "अण्णा, बाबा गेले. चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत..." मी फोन ठेवला, पटाशी पुसून कापडात गुंडाळली आणि आमच्या मंडळींना म्हणालो, चल, सर्जापूर रोडला जायचंय. बसमध्ये मला रडू आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती, की त्यांची एक वस्तू माझ्याकडे राहिली. नखाएवढी वस्तू. पण राहिली.

पेपरच्या पुरवणीत मोठमोठ्या माणसांवर लिहून येतं. वसंतरावांवर कोण लिहिणार? म्हणून मी लिहितो. तिसरीपर्यंतच शिकलोय, त्यामुळं वाक्य कुठं वाकडं गेलं तर सांभाळून घ्या. माणूस मात्र सरळ सांगतो.

आमची पहिली भेट चांगली झाली नव्हती, तिथूनच सुरुवात केली पाहिजे. वैशालीचं लग्न ठरायचं होतं. वसंतराव सरकारी कारखान्यात ड्रॉइंग विभागात, कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहायचे. मी इस्त्रीचा सदरा, नवी टोपी घालून, नारळ घेऊन बोलणी करायला गेलो. मुलीचा बाप म्हणून गेलो. उंबऱ्यात पाय ठेवला नाही तोच ते म्हणाले, "या मेस्त्री, बरं झालं आलात. आमचं हे दार घासतं, बघता का जरा?" पाणीसुद्धा विचारायच्या आधी. आज मला वाटतं, त्या माणसाला काय बोलावं ते सुचलं नसेल आणि समोर सुतार दिसला म्हणून दाराचं आठवलं असेल. पण तेव्हा माझ्या कानशिलात वीज गेली. मी नारळ खाली ठेवला, शेजारून रंधा मागून आणला आणि ते दार तासून दिलं. घासणारं दार मला ऐकवत नाही, त्याला इलाज नाही. मग बोलणी झाली, लग्नही झालं, सगळं नीट झालं. माझ्या पोटात मात्र ते राहिलं. मनाशी म्हटलं, तुम्ही मला सुतार म्हणून दारात उभं केलंत ना? मग माझ्या दुकानात तुम्ही गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक माझ्या दुकानात उभंच राहतं. तिथं स्टूल एकच होतं, माझं.

एकोणीस वर्षं मी हे पाळलं. सणावाराला फराळाचा डबा घेऊन यायचे बिचारे. दारात उभे राहून दोन शब्द बोलायचे आणि जायचे. आमची मंडळी म्हणायची, तुमच्यापेक्षा सागवान बरं, ते निदान पाण्यात भिजल्यावर थोडं तरी फुगतं.

रिटायर झाल्यावर ते मुलाकडे, सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर राहायला गेले. तिथं नातीचे प्लास्टिकचे ठोकळे होते, एकमेकांत दाबून बसवायचे असतात ते. नात मोठी झाली, ठोकळे आजोबांना लागले. वैशाली कौतुकानं सांगायची आणि मी हसायचो. जन्मभर नकाशे काढलेला माणूस आणि म्हातारपणी खेळणी. मग एकदा गणपतीला गेलो तर त्यांच्या टेबलावर फणस विकणाऱ्याची हातगाडी होती. एक फणस फोडलेला, आत पिवळे गरे. त्या ठोकळ्यांच्या अंगावर मुळातच गोल गोल बटणं असतात. हिरवे ठोकळे चारी बाजूंनी उलटेसुलटे बसवून त्यांनी त्या बटणांचे फणसाचे काटे केले होते. जेवताना माझी मान पानावरून दोनदा तिकडं गेली. दुसऱ्या खेपेला पाण्याचा टँकर. त्या भागात रोज टँकर येतात, त्यांतलाच एक. मागची नळी गळकी, आणि नळीच्या तोंडाशी निळा आरपार दिसणारा एक थेंब.

मी विचारलं, हे सगळं चिकटवता कशानं? तर म्हणाले, चिकटवायचं नाही, कापायचं नाही, रंगवायचं नाही. कारखान्यातून जो तुकडा जसा आला तसाच वापरायचा. डब्यावरच्या चित्रासारखं कुणीही करतं, आपल्या डोक्यातलं करायचं तर योग्य तुकडा सापडेपर्यंत थांबायचं. "आणि टक् आवाज येईपर्यंत दाबायचं, व्याही. आवाज आला नाही तर जोड बसला नाही." मी स्वतः खिळा न मारता खाचेत कूस बसवून चौकटी केलेला माणूस. हे ऐकलं आणि मला कळलं, की हा खेळ नव्हे. तोंडानं अर्थात म्हणालो, "लाकूड असतं तर मानलं असतं."

त्यांची आणखी एक रीत होती. मॉडेल पुरं झालं, चार लोकांनी पाहिलं, की ते मोडायचं. ठोकळे सुटे करून आकाराप्रमाणे डब्यांत टाकायचे, पुढच्या कामाला. फणसाची गाडी मोडली, टँकर मोडला. पण जे अपुरं असेल ते मात्र ते मोडायचे नाहीत. म्हणायचे, पुरं झाल्याशिवाय मोडायचा हक्क नाही आपल्याला.

मागच्या वर्षी ते माझ्या दुकानात यायला लागले. सर्जापूर रोडवरून मार्केटपर्यंत बस, तिथून चालत. हातात वही, खिशात मोजपट्टी, गुडघ्याला पट्टा. चौकट मोजली, कौलांच्या ओळी मोजल्या, दुकान बंद करायच्या नऊ फळ्या मोजल्या. विचारलं तर नुसतं हसायचे. मला वाटलं, आता माझ्या आयुष्याचं खेळणं करणार हा माणूस. मी तिरकाच बोलायचो. कपाट किती उंच, म्हणाले, तर म्हटलं, डोळे आहेत ना, बघा. तरी ते यायचे. अकरा वेळा आले, दर वेळी तासदीड तास उभे. गुडघा दुखला की चौकटीला धरायचे. शेजारची फुलवाली लक्ष्मम्मा एकदा आपली पेटी उपडी करून म्हणाली, "स्वल्प कूतुकोळ्ळी, सार," जरा बसा म्हणून. वसंतराव तिला म्हणाले, "नको अक्का. इथं बसायचं तर मालकांनी सांगायला हवं." मराठीत म्हणाले. तिला कळलं नाही. मला कळलं. मी रंधा मारत राहिलो.

त्यांना एक गोष्ट माहीत होती जी मी कुणाला सांगितली नव्हती, फक्त वैशालीला. घरमालकानं दुकानाची जागा विकली होती. दोन महिन्यांनी पाडकामाचं पिवळं मशीन आलं आणि अठ्ठेचाळीस वर्षांचं दुकान एका सकाळी खाली बसलं. कौलं उतरवली नाहीत, वासे उतरवले नाहीत, नुसता दात मारला. जुनं सागवान होतं ते, पुन्हा तीन घरांना पुरलं असतं. मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो.

पुढं काही महिन्यांनी वैशाली आम्हाला कोरमंगलात एका हॉलमध्ये घेऊन गेली. ठोकळ्यांचा नाद असलेली माणसं तिथं आपापली कामं मांडतात. बहुतेक कंपनीतली पोरंपोरी, गळ्यात ओळखपत्रं. कुणी जहाज केलेलं, कुणी स्वतःच्या आजीचं स्वयंपाकघर, कुणी एक पोपट केलेला, तो किल्ली फिरवली की पंख हलवायचा. मी प्रत्येकासमोर थांबलो. काय एकेकाचा हात... मंडळी आणि वैशाली त्या पोपटाशीच रमल्या. आणि शेवटच्या टेबलाशी गर्दी होती. गर्दीच्या मधे माझं दुकान उभं होतं.

कौलं सोळा ओळी, मोजून. वरून तिसऱ्या ओळीत एक कौल फुटलेलं होतं, तिथं मी पत्रा टाकला होता. त्यांनी तिथं करड्या रंगाचा तुकडा बसवला होता. नऊ फळ्या खाचेत उभ्या, एकेक काढता येणाऱ्या. खेळण्यातल्या बाहुल्याच्या पायात घालायचा चिमुकला स्केट असतो, तो उलटा ठेवून त्याचा रंधा केलेला. रंध्याखाली छिलपे पडलेले, आणि ते कशाचे? ठोकळ्यांतल्या हत्तीच्या सोंडेचे तुकडे, पिवळसर रंगाचे. भिंतीवर माझी करवत, गिरमिट, काटकोन, ज्या क्रमानं मी टांगायचो त्याच क्रमानं. एका पोरानं कन्नडात विचारलं, हे कुठं आहे? वसंतराव माझ्याकडे बोट करून म्हणाले, "इदु इवर अंगडी." यांचं दुकान आहे हे. सगळी पोरं माझ्याकडे वळली. एकानं तर वाकून नमस्कार केला. माझी छाती एवढी कधी फुगली नव्हती, अगदी वैशाली इंजिनियर झाली तेव्हासुद्धा नाही. वसंतराव हळूच मला म्हणाले, "दार बघा, व्याही." मी बोटानं ढकललं. आतल्या खोलीचं दार, अलगद फिरलं. "घासत नाही," ते म्हणाले.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मग मला आत दोन स्टुलं दिसली. एकावर टोपी घातलेला बाहुला, म्हणजे मी. दुसरं रिकामं, दाराकडे तोंड केलेलं. आणि मी सगळ्या गर्दीसमोर म्हणालो, "हे चुकलं. माझ्या दुकानात स्टूल एकच होतं." वसंतराव म्हणाले, "तुकडे उरले होते, टाकलं बसवून." मी म्हटलं, उरले म्हणून काहीही कसं बसवता? बाकी सगळं मोजून केलंत ना? ते म्हणाले, "मालक तुम्ही. नको असेल तर काढा."

आणि मी काढलं. दोन बोटांनी उचकटून ते रिकामं स्टूल काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

घरी येताना बसमध्येच मला उमगलं होतं, ते स्टूल कुणासाठी होतं. इतका मठ्ठ मी नाही. पुढच्या खेपेला नेऊन देऊ म्हटलं. ते पेन्सिलींच्या डब्यात ठेवलं. पुढच्या खेपेला डबा घरीच विसरलो, त्याच्या पुढच्या खेपेला विसरलो असं स्वतःला सांगितलं. मग तो सकाळचा फोन आला.

तेराव्यानंतर वैशालीनं सगळ्यांना बसवून सांगितलं. बाबांची इच्छा होती, की सगळे ठोकळे कोरमंगलाच्या मंडळींना द्यायचे, नव्या शिकणाऱ्यांसाठी. पुरी झालेली मॉडेलं मोडून द्यायची. ती पोरं दोन दिवसांनी न्यायला येणार होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं दुकान मात्र इथंच राहणार, अण्णा. हॉलमधून आणल्यावर मी विचारलं होतं, हे कधी मोडणार? तर म्हणाले, ते अजून अपुरं आहे. काय राहिलंय ते सांगितलं नाही. आता कुणालाच कळणार नाही, तेव्हा राहील कायमचं."

काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. घरी पेन्सिलींच्या डब्यात होतं. मी तोंड उघडलं नाही तर दुकान राहणार होतं. खरं दुकान मशीननं खाल्लं, निदान हे तरी, सोळा ओळी कौलांसकट, मी मेल्यावरसुद्धा. मी चहा प्यालो, सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि घरी आलो. मंडळींनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. डबा उघडला, बंद केला. परत उघडला. ठोकळे चारच. बसायची फळी एक, पाय तीन. पायांना जरा बाहेर झोक दिलेला, मी देतो तसा. माझ्या स्टुलाच्या पायांना झोक आहे हे अठ्ठेचाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं पाहिलं नव्हतं. या माणसानं उभ्या उभ्या पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं सर्जापूर रोडला गेलो. वैशाली दार उघडून बघतच राहिली. मी वसंतरावांच्या टेबलाशी गेलो, फळ्या काढल्या आणि स्टूल होतं तिथं ठेवून दाबलं. बसेना. बोटं जाड आहेत माझी. पुन्हा दाबलं, तेव्हा टक् असा आवाज आला. वैशालीला म्हटलं, आता पुरं झालं. तिनं स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला सगळं समजलं असावं. एवढंच म्हणाली, "ती मुलं उद्या येणार आहेत. ती मोडतील." मी म्हटलं, पोरं ओढून काढतील. घर उतरवायची एक रीत असते. आधी कौलं, मग वासे, मग भिंत, चौकट सगळ्यात शेवटी, म्हणजे एक तुकडा दुखावत नाही. हे माझं काम आहे.

तिनं आकारांप्रमाणे लावलेले डबे समोर आणून ठेवले आणि त्यांची खुर्ची पुढं ओढली. "बसा, अण्णा."

मी बसलो, आणि वरच्या ओळीतलं पहिलं कौल काढलं.